जागा भरली आहे

चिपळुणात आता दारावर नावाची पाटी नसली तरी चालायचं, गंधपाटी मात्र घरोघरी होती. काड्यापेटीएवढी पांढरी डबी. ती परक्या पोळ्याचा वास सोडायची, म्हणजे गांधीलमाशीच्या लेखी, 'जागा भरली आहे, पुढे जा.'

उषाताई खांबेट्यांच्या पडवीत मात्र नेमकं त्या डबीलाच चिकटून वाटीएवढं पोळं लटकत होतं. आणि त्याच्या बरोब्बर खाली अबोलीने मढवलेला झोपाळा. चार वाजता लेकीचं, गौतमीचं डोहाळजेवण.

"मी नाही बसणार तिथे," गौतमी दारातूनच म्हणाली. लहानपणी एकच गांधीलमाशी चावली तर तोंडाचा भोपळा झाला होता, आता तर सातवा महिना. "आत खुर्चीवर बसते."

"खुर्चीवर? वाढदिवस आहे का तुझा?"

दुरुस्तीला आलेली नाझनीन शिडीवरून डबी न्याहाळत होती. "काकू, हिच्या छिद्रात काय घातलंत?"

"घालतेय कशाला! नवी वस्तू घरात आली, हळदकुंकू वाहिलं. जरा सढळ हाताने."

"अहो, ही डबी छिद्रात जाईल तो वास आपल्या वासात मिसळून सोडते. तुमच्या हळदीने परक्या पोळ्याचा वासच बुजला. या माश्यांनी हळदीचाच वास आपला म्हणून घर थाटलं."

"मग काढ."

"दिवसा हात लावला तर चवताळतील. अंधार पडल्यावर येते पिशवी घेऊन." उतरता उतरता ती थबकली. "तुम्हाला नाही चावल्या?"

"छे. दूधवाल्याला दोनदा चावल्या."

नाझनीनने त्यांचे हात पाहिले. लोणची घालून घालून बारा महिने पिवळे. "आपलं कोण, परकं कोण, हे त्या वासावरून ठरवतात. काकू, तुम्ही त्यांच्या पोळ्यातल्या आहात!"

तिने स्वतःच्या गालांना हळद फासली आणि पाच मिनिटं पोळ्याखाली उभी राहिली. माश्या बाजूने जात होत्या, शेजारणींसारख्या.

चार वाजता दारातच प्रत्येकीला कोपरापर्यंत हळद लागली. "माझ्या लग्नातही एवढी नव्हती," गौतमी पुटपुटली आणि जीव मुठीत धरून झोपाळ्यावर बसली. ओटी भरताना एक माशी तिच्या पोटावर उतरली. मिशांनी चाचपलं, एक फेरी मारली, उडून गेली. तेव्हा कुठे बायकांनी श्वास सोडला.

एवढ्यात जावईबापू चिन्मय अंगभर अत्तर फवारून पडवीत शिरले. त्यांचं नाक पाच मिनिटांत वांग्याएवढं झालं.

दिवेलागणीनंतर नाझनीन पिशवी घेऊन आली. गौतमी झोपाळ्यावरून उठेना.

"मला आपली म्हणाल्या त्या. आणि आपण त्यांना पिशवीत कोंबायचं?"

"आणि दोन महिन्यांनी बाळ येईल, त्याचं काय?" नाकावर बर्फ धरून चिन्मय ओरडले. "ते या घराला परकंच ना?"

उषाताईंनी नातवंडासाठी काढून ठेवलेलं दुपटं उचललं, हुंगलं. त्यालाही हळदीचा वास येत होता.

"जावईबापू," त्या हळूच म्हणाल्या, "बाळाचं आम्ही बघू. तुमचं काय ठरलं, हळद लावताय का?"