गुंजवण्याला जाणारी चाकं

मोटार चिखलात बसलेली कधी पाहिलीय? म्हशीसारखी बसते. फरक एवढाच, की म्हैस हाकलली तर उठते तरी!

लढाई संपून वर्ष झालं होतं. हस्ताच्या सरी चालू होत्या... घटकेत ऊन, घटकेत पाऊस. आंबेमोहोर भात फुलावर आला होता आणि सगळ्या खोऱ्याला त्याचा वास सुटला होता. मी आमची बैलजोडी ओढ्यावर नेत होते, तर वाटेतच ही लॉरी. लहानशी, मागं उघडा हौदा, चाकं आसापर्यंत रुतलेली. आणि खालून दोन पाय बाहेर आलेले.

"ओ मोटारवाले! जित्ते हाय का?"

पाय हलले. "हाय की! पर बाहीर यावं का न्हाई, त्याचा इचार करतोय."

"का बरं?"

"आवाजावनं तुमी लई रागीट वाटताय."

मी रागीट आहे हे सगळ्या गुंजवण्याला ठाऊक होतं, पण ते असं कुणाच्या पायांनी मला सांगावं?

"ऱ्हावा मग आतच!" म्हणून मी बैल वळवले, तसा तो घाईघाईनं सरपटत बाहेर आला. नखशिखांत चिखल. नुसते दात आणि डोळे दिसत होते... आणि डोळे हसत होते.

"मी मानसिंग. आंबवड्याचा. पलटणीत मोटार हाकायचो."

मी चाकांकडं पाहिलं. झिजून झिजून पार गुळगुळीत झालेली. "पलटण ह्याच चाकांवर जिंकली व्हय? ही चाकं हाईत का टकल्याचं डोकं?"

तो असा मोकळा हसला, की मला माझा राग धरून ठेवायला जड गेलं. बैल जुंपले, दोर ओढला, आणि मोटार एकदाची फसक्कन वर आली.

"लई उपकार झाले तुमचे."

"उपकार बैलांचे. त्यांस्नी पेंड आना."

पुढच्या बाजाराला त्यानं खरंच पेंड आणली. आणि तिथंच, त्याच खड्ड्यात पुन्हा रुतला.

मग हे नेहमीचंच झालं. भोरहून मीठ-रॉकेल घेऊन तो वेल्ह्याच्या बाजाराला जायचा. आता वेल्ह्याची वाट मार्गासनीवरून सरळ जाते. गुंजवण्याला वळायचं कारणच काय? विचारलं तर म्हणायचा, "तांदूळ मिळतोय का बघाया आलो."

"भात अजून शेतात हुबं हाय."

"म्हनूनच पुन्ना पुन्ना बघाया लागतंय!"

मी तोंड फिरवायची. हसू आलेलं त्याला दिसू द्यायचं नव्हतं ना! पण बाजाराच्या दिवशी कान आपसूक वाटेकडं लागायचे, आणि इंजिनाची घरघर ऐकली की हातातली कळशी कुठं ठेवली ते आठवायचं नाही. आवडायचा तो मला. सरळ सांगते, खूप आवडायचा.

एके दिवशी मात्र तो आला तो हसलाच नाही. बैलांच्या पाठीवर नुसता हात फिरवत राहिला.

"ठकू, ही चाकं संपली. नवी घ्यायला पायजेत."

"मग घ्या की."

"भोरात दोन जातीची आल्याती. एक बारीक, सडकेवर पळायची. दुसरी लष्करी... उंच, रुंद, एवढाल्या गाठींची. तसल्या चाकांवर म्या ब्रह्मदेशच्या चिखलातनं गाडी काढलीया. ती घालायची तर मडगार्ड कापावं लागंल, स्प्रिंगच्या पाट्यांखाली ठोकळे घालून गाडी उचलावी लागंल. पर मग पावसाळाभर हितं येईन. कुनाच्या बैलांबिगर."

"आन् बारीक घातली तर?"

"तर भोर-पुनं, पुनं-भोर. हिकडं वळनं न्हाई. आत्तीला तसंच पायजे. मोटार तिनं पाटल्या मोडून घिऊन दिलीया. मला वाढवलं पन तिनंच. तिचा सबुद म्या मोडत न्हाई..." मग हळूच म्हणाला, "तुमी सांगा ना. कुठली घिऊ?"

मोठी घ्या म्हणावं, तर मनातलं सगळंच सांगितल्यासारखं. बारीक म्हणावं, तर...

"मला काय इचारताय? मी काय तुमची आत्ती हाय?" असं म्हणून मी फणकाऱ्यानं बैल हाकले. घरी चुलीपुढं बसून डोळे पुसले आणि आईला सांगितलं, लाकडं ओली आहेत.

माझे आबा, कुंडलिक दलाल, भोरच्या गुरांच्या बाजारात सौदे जुळवायचे. सौदा व्हायचा तो उपरण्याखाली. घेणाऱ्याचा जीव कशावर बसलाय हे विकणाऱ्याला कळलं की भाव चढलाच! म्हणून घेणाऱ्यानं उपरण्याखाली दलालाचा हात धरायचा आणि बोटं दाबून मनातलं सांगायचं. पण म्हैस घ्यायला एखादी बाई आली, तर ती परक्या पुरुषाचा हात कशी धरणार? तिथं आबा मला पुढं करायचे. नियम एकच... दलालाचा हात फक्त ऐकतो. स्वतःचं काही बोलत नाही.

भोरच्या पुढच्या बाजारी मी आबांच्या मागं उभी होते, आणि समोरून मानसिंग आला. बरोबर काठापदराचं लुगडं नेसलेली, ताठ मानेची बाई. बाळाबाई. हीच ती आत्ती.

"कुंडलिकराव, टायर घ्यायचं हाईत," मानसिंग म्हणाला. "सौदा तुमीच करून द्या."

"आरं, म्या बैलांचा दलाल!"

"मंग मोटार तरी दुसरं काय वढती?" बाळाबाई म्हणाल्या. "चला."

दुकानदारानं दोन्ही टायर लिंबाला टेकवून ठेवले होते. आबा मोठ्या टायरापुढं उकिडवे बसले. बैलाचा खूर बघावा तसं त्यांनी ते चाचपलं, ठोकलं, वासही घेतला. "रुंद खूर हाय," ते म्हणाले. "चिखलात रुतायचा न्हाई."

"पर सडकंवर माझं दात हालतील त्येचं काय?" बाळाबाई म्हणाल्या. "आन् पेट्रोल किती पिईल त्ये? आदीच कुपनावर मिळतंय."

दुकानदाराचे कान टवकारलेले बघून आबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं. "हितं बोलू नगा. ठकू, धर बाळाबाईंचा हात. बाई, एक बोट दाबलं तर बारीक, सारी मूठ धरली तर मोठं. हिला कळलं की म्या भाव पाडतो."

उपरणं आमच्या हातांवर पडलं. बाळाबाईंचा हात कोरडा, खरखरीत, कामाचा. माझा मात्र बर्फासारखा गार. मानसिंग मोठ्या टायराला धरून उभा होता, पण बघत होता माझ्याकडं... डोळ्यांत त्या दिवशी अजिबात हसू नव्हतं. माझ्या मनात एकच घोकणी. मूठ धरा, आत्ती... मूठ धरा...

बाळाबाईंनी माझं एक बोट दाबलं.

संपलं! आता ती मोटार पुण्याच्या सडकेवर पळणार, आणि आमच्या ओढ्यावर पुन्हा नुसते बैल. माझी नजर आपसूक मानसिंगकडं गेली. आवरेना.

"काय ठरलं गं?" आबांनी विचारलं.

खोटं सांगता आलं असतं. मोठी म्हणाले असते तर आबांनी तोच सौदा केला असता. पण बाईनं विश्वासानं हात दिला होता. मी आबांकडं वळले. "बारी..."

शब्द पुरा व्हायच्या आत बाळाबाईंनी माझी सगळी बोटं गच्च धरली.

"थांब गं. म्या अजून हात सोडला न्हाई." त्या माझ्याकडं निरखून बघत होत्या. मग त्यांनी भाच्याकडं बघितलं. तो टायराला अशी मिठी मारून उभा, जणू कुणी ते हिसकावून नेणार होतं. बाळाबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. माझ्या कानाशी तोंड आणून त्या कुजबुजल्या, "हाच व्हय गं त्यो गुंजवण्याचा चिखल? माझं पोरगं दर बाजाराला रुतून येतंय त्यो?"

माझे कान तापले. मान वर होईना.

"आन् आपला जीव जात असताना बी खरंच सांगाया निघालीस?"

"तुमचा हात व्हता, आत्ती," मी कसंबसं म्हणाले.

बाळाबाई ताठ झाल्या आणि सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कुंडलिकराव, मोठी चाकं घ्यायची!"

"अवं, हळू! भाव चढंल ना!"

"चढू द्या मेला!"

आबांनी कपाळावर हात मारला, दुकानदाराशी घासाघीस केली, टाळी दिली-घेतली. परत येऊन बघतात तर उपरणं खाली पडलेलं, आणि आम्ही दोघी तशाच उभ्या.

"बाळाबाई, सौदा तर झाला. आता सोडा की पोरीचा हात."

"सोडाया न्हाई धरला, कुंडलिकराव," बाळाबाई म्हणाल्या. "आंबवड्याला कवा येताय बैठकीला, त्ये सांगा."

आबा एकदा माझ्याकडं बघतात, एकदा मानसिंगकडं... आणि मानसिंगच्या हातून टायर सुटलं. ते उतारानं जे निघालं ते कांद्याच्या ढिगातनं, कोंबड्यांच्या पाटीला धडकून थेट मंडईच्या पार. लोक ओरडत बाजूला पळाले. हा मात्र जागचा हलेना, वेड्यासारखा हसत उभा.

"आवं, चाक चाललं ना!" मी ओरडले.

"जाऊ द्या त्येला," मानसिंग म्हणाला. "गुंजवण्यालाच जाईल."