नाकाशी अडलेला फोटो

सर्व्हरच्या खोलीचं दार तिनं ढकललं, ते थेट त्याच्या पाठीत बसलं.

"दारात बसतात का कुणी?"

"पार आत बसलो असतो... पण एसीच्या थंडीनं दात वाजायला लागले," तो पाठ चोळत हसला.

तो बाहेरून बोलावलेला नेटवर्कवाला. वायरी, त्या जोडणारी स्विचची पेटी, सगळं त्याच्या हातचं. वेबसाइट तिच्या हातची, लग्नाची स्थळं दाखवणारी. नावगाव झटकन यायचं, फोटो मात्र नाकापाशी अडायचा. आता नाकाखालचं न बघता होकार देतं का कुणी? साहेबांनी सकाळीच सुनावलं होतं, "संध्याकाळपर्यंत दोष सापडला नाही, तर साइट दुसऱ्याकडे."

"सर्व्हर दमलाय बहुतेक," तो म्हणाला.

"दमलाय? हाताची घडी घालून बसलाय मेला! माल तयार आहे, वाट अडलीय. आणि वाट तुमची."

"माझं काम चोख असतं."

"आणि माझं काय वाऱ्यावर असतं?"

तिनं शेजारच्या यंत्रावरून सर्व्हरला एक मोठी फाइल पाठवली. गोगलगाय! मग त्याच सर्व्हरची वायर स्विचच्या दुसऱ्या पोर्टच्या खाचेत लावली. तीच फाइल... सुसाट!

त्यानं पहिल्या पोर्टची सेटिंग उघडली, आणि कान लाल झाले. जुन्या यंत्रासाठी त्यानंच तिथला वेग नि बोलण्याची रीत हातानं बांधून ठेवली होती. नवा सर्व्हर विचारायचा, कसं बोलू? स्विचकडून उत्तरच नाही. मग तो एका वेळी एकानंच बोलायचं असं धरून चालायचा, अन् स्विच मध्येच सुरू व्हायचा. मोठा फोटो निघाला की आदळाआपट.

"आपणही मघापासून तेच करतोय," तो हळूच म्हणाला.

तिला हसू आलं. तिनं ते दाबलं.

सेटिंग सुधारली, फोटो हनुवटीपर्यंत उतरले, तेवढ्यात साहेब आले. तिची जीभ तयारच होती. पण तोच पुढे झाला.

"चूक माझी, साहेब. शोधली यांनी. साइटमध्ये काडीची खोट नाही."

साहेब मान हलवून गेले. ती त्याच्याकडे वळली.

"काम हातचं गेलं असतं तुमच्या!"

"गेलं असतं तर दुसरं मिळालं असतं. तुमच्या नावाला बट्टा... तो नसता बघवला." तो घुटमळला. "तुमच्या साइटवर माझंही नाव आहे. काढून टाकाल?"

"का बरं?"

"आता कुणाचा होकार नको... तुमच्याशिवाय."

तिची मान ताठच राहिली. गाल तेवढे फितूर झाले.

"होकार असा उभ्या उभ्या मिळत नाही. घरी या. आजीसमोर बसा. माझ्याहून तिखट आहे ती."

"आणि हाकललं त्यांनी तर?"

"मी बरी हाकलू देईन!"