डावखुरी गाठ

ही हकीकत मी गेल्या वर्षी दोन नोव्हेंबरला, अंधार पडल्यावर, ऑसबी गावच्या पबमध्ये सिरिल पास्क या वृद्ध घंटावादकाकडून ऐकली. ऐकणारे आम्ही चार नवशिके होतो. हकीकत सिरिल यांच्या मित्राची, डेनिस थर्कलची.

व्हिक्टोरिया राणीच्या काळातले तिथले चर्च केव्हाच पाडले गेले. सहा घंटांसाठी मनोरा तेवढा राखला. घंटावादक वारला की त्याच्या स्मृतिदिनी घंटांच्या लोलकांना एकाच बाजूने चामड्याची गादी पट्ट्याने बांधतात : एक टोला मोकळा, दुसरा दबका. त्या संध्याकाळी हे काम डेनिसकडे होते. स्मृतिदिन रॉयचा, म्हणजे डेनिसच्या बायकोच्या, मॉरीनच्या, पहिल्या नवऱ्याचा.

"पाचव्या घंटेला विसरू नकोस हं," मॉरीन म्हणाली. "रॉयची आहे ती."

"रॉयची! घंटा मनोऱ्याची आहे, बाई."

"मेलेल्या माणसाशी कसली रे स्पर्धा?" ती हसली.

ते हसू त्याच्यासोबत शिडी चढून वर आले. पाचवीच्या लोलकाला त्याने दुसऱ्या बाजूनेही गादी बांधली. करकचून.

"आता बोल," तो पुटपुटला.

तो खाली उतरला तेव्हा पाच दोर स्थिर होते. पाचव्या घंटेचा हलत होता. त्याने त्या दोरावरची लोकरी मूठ धरली. उबदार...

"रॉय?"

त्याने मनोऱ्याला कुलूप घातले. किल्ली एकच, ती त्याच्या खिशात.

सात वाजता सगळे जमल्यावर मॉरीनने वाजवायला सुरुवात करण्याचा इशारा दिला. पाचवी सिरिल वाजवत होते. मोकळा टोला. दबका. मोकळा. दबका. अगदी नेमाने.

डेनिसने आपली तिसरी घंटा ओढली.

धप.

पुन्हा ओढली.

धप...

"स्वतःचंच तोंड बांधलंस की काय, डेनिस?" कोणीतरी खिदळले.

मॉरीन विजेरी घेऊन वर गेली. तिसरीच्या लोलकाला दोन्ही बाजूंनी गाद्या होत्या. एक गाठ डेनिसची. दुसरी डाव्या हाताने ओढलेली. रॉय डावखुरा होता.

ती खाली येईना.

"मॉरीन, ये ना खाली," डेनिसने हाक मारली.

"येते रे..." आवाज मऊ होता. डेनिसशी ती त्या आवाजात कधीच बोलली नव्हती.

अंधारात पाचवी समजून डेनिसने तिसरीच बांधली असेल, हे शक्य आहे. त्याची खातरजमा मला कधीच करता आली नाही. त्या रात्रीनंतर तो मनोऱ्यात गेलेला नाही. मॉरीनने लोलकावरून कापून आणलेला, डावखुऱ्या गाठीचा तो पट्टा मात्र, नंतर एकदा सिरिल यांच्यासोबत तिच्या घरी गेलो तेव्हा, मी तिच्या उशापाशी पाहिला. गाठ तिने अजून सोडलेली नाही.