नाण्यावरचं पाखरू

देवयानीने केशर घातलेली तांदळाची खीर गॅसवरून उतरवली. ऐन दुपारीसुद्धा बाहेर कॅल्गरी गोठून पांढरी पडली होती. आज कस्तुरीचं उष्टावण. चांदीची वाटी घेऊन येणाऱ्या सासूबाईंचा व्हिसा अडकला होता, म्हणून शेजारच्या केर्तूआजींनी बारशाला दिलेलं चांदीचं नाणंच मिलिंदने उकळून ठेवलं होतं.

"आईची वाट बघत बसलो तर पोरगी डायरेक्ट पिझ्झाच खाईल," तो म्हणाला.

देवयानी हसली, पण तिचं लक्ष पाळण्याकडे होतं. वेळेआधी जन्मलेल्या कस्तुरीच्या तोंडून अजून आवाज असा फुटलाच नव्हता. रडायची तेही मुक्यानंच; गालांवरून नुसते ओघळ. कान ठीक, घसा ठीक. डॉक्टर म्हणत, वेट करा.

केर्तूआजी मूळच्या फिनलंडच्या. नाणंही तिकडचंच, हौशी संग्राहकांसाठी काढलेलं. एका बाजूला पानं झडलेलं बर्चचं झाड, दुसऱ्या बाजूला पंख पसरलेलं पाखरू.

"आमच्याकडे मानतात, बाळाचा जीव पाखरू घेऊन येतं," उष्टावणाला आलेल्या आजी इंग्रजीत सांगू लागल्या. "आणि शेवटी न्यायलाही तेच येतं. म्हणून चित्रकाराने बघ, ते उतरतंय की उडतंय, कळूच दिलेलं नाही."

"शुभ बोला हो आजी," देवयानी मराठीत पुटपुटली.

मिलिंदने नाण्याची कड खिरीत बुडवून कस्तुरीच्या ओठांना लावली.

तिने चाटलं. थांबली.

मग तिच्या इवल्या गळ्यातून एक लांब, स्वच्छ शीळ निघाली. रडणं नव्हे, हसणं नव्हे. खिडकीच्या काचा झिणझिणल्या. आणि अंगणातल्या उघड्याबोडक्या झाडावरून तशीच शीळ परत आली.

झाडावर काहीही नव्हतं.

आजी देवळात उभं राहावं तशा उभ्या राहिल्या. "उतरलं," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात कस्तुरी रडली. खणखणीत, घर डोक्यावर घेऊन. देवयानीने तिला छातीशी घट्ट धरलं आणि स्वतःही रडून घेतलं.

रडून दमलेली लेक पाळण्यात झोपल्यावर तिने खरकटं नाणं नळाखाली धरलं.

पाखराची बाजू गुळगुळीत होती.

तिने नाणं उलटलं. बर्चच्या फांदीवर पाखरू बसलं होतं. पंख मिटून.

तिने ते ओट्यावर ठेवलं. चोच पाळण्याकडे होती.

बोटाने अर्धं फिरवलं.

चोच पाळण्याकडेच होती.