अंगोष्टं

डॉ. मुल्लांच्या प्रयोगशाळेत शलाका नेर्लेकरसमोर गरम थालीपीठ आलं आणि ते कशाचं आहे, हे तिनं पहिला घास घेतल्यावर विचारलं.

"भक्षशेवाळाचं," डॉक्टर म्हणाले. "हे पोहण्याच्या तलावात सोडायचं. माणूस पाण्यात उतरला की अंगाचं काय काय सुटतं? घाम, तेल, मेलेली कातडी. पोरं असली तर आणखीही काही. शेवाळ ते सगळं खातं, पाणी नितळ करतं आणि स्वतः वाढतं. वाळवून दळलं की पीठ तयार. शुद्ध म्हणाल तर गव्हापेक्षा शुद्ध."

शलाकानं तोंडातला घास रुमालात काढला आणि तो रुमाल पुन्हा पर्समध्ये ठेवायचीही तिला शिसारी आली. वीस वर्षं ती लोकांची स्वयंपाकघरं आखत होती, पण असला ओटा तिनं कधी आखला नव्हता. नव्या पाणी कायद्यानं मात्र इलाज ठेवला नव्हता. खाजगी तलाव हवा असेल तर त्याच्या काठी पाकगृह हवं, तलावातून महिन्याला निदान दोन किलो पीठ निघायला हवं आणि वापरलेल्या पाण्याचा थेंबही कुंपणाबाहेर जाता कामा नये. नाहीतर तलाव बुजवायचा.

"म्हणजे उष्टंच झालं की," ती म्हणाली.

"उष्टं तोंडाचं असतं, शलाकाताई. हे अंगाचं."

"मग अंगोष्टं म्हणा."

डॉक्टरांना शब्द इतका आवडला की त्यांनी तो फळ्यावर लिहून टाकला. "एक ध्यानात ठेवा. शेवाळ हवेतून पीठ करत नाही. जेवढं अंग पाण्यात उतरेल, तेवढंच पीठ. आणि प्रत्येकाच्या कातडीवरचे जंतू वेगळे असतात. पिठात किती जणांचं अंग आहे, ते हा अंगमापक दाखवतो. कोणाचं, ते मात्र त्याला कळत नाही."

तिचे गिऱ्हाईक विश्वासराव धामणकर नाशिकबाहेर, द्राक्षमळे मोडून वसवलेल्या बंगल्यांच्या वसाहतीत राहत. त्यांना अंगोष्ट्याची जराही किळस नव्हती. "आपलंच आहे ना? घरचंच," ते म्हणाले. "फक्त बाहेरच्या कोणाचं अंग त्या पाण्याला लागायला नको."

बाहेरचे म्हणजे घरात राबणारे सहा जण. स्वयंपाक करणारी सुरेखा, दोन माळी, ड्रायव्हर, राखणदार आणि धुणंभांडी करणारी. ते दिवसभर बंगल्यात घाम गाळत आणि अंघोळी आवारातल्या वेगळ्या न्हाणीत उरकत. त्यांचे चहाचे कप वेगळे, बुडाला लाल ठिपका असलेले. त्या कपांसाठी नव्या ओट्याखाली, कचऱ्याच्या डब्याशेजारी, एक वेगळा कोनाडा हवा होता. सुरेखा तिथंच उभी राहून लसूण सोलत होती. तिच्यासमोर हे सगळं बोलणं चाललं होतं आणि शलाका निमूटपणे कोनाड्याची मापं लिहून घेत होती. शेवाळापेक्षा जास्त किळस तिला त्या क्षणी स्वतःच्या पेन्सिलीची आली.

"आणि नोकरांच्या न्हाणीचं पाणी कुठं न्यायचं?" तिनं विचारलं.

"नजरेआड न्या."

"कुंपणाबाहेर काढता येणार नाही."

"बाई, कुठं जायचं तिथं जाऊ द्या. मला दिसायला नको आणि सांगायलाही नको."

शलाकानं भिंतीमागून नळीची एक तुटक रेघ ओढली. विश्वासरावांनी नकाशा न वाचताच खाली सही केली.

तीन महिन्यांनी तिला आणि डॉक्टरांना तातडीनं बोलावणं आलं. विश्वासराव नव्या ओट्यापाशी लालबुंद होऊन उभे होते. अंगमापकाच्या पडद्यावर आकडा होता सात.

"आम्ही घरात तिघं," ते म्हणाले. "वरचे चार कोण? मी दौऱ्यावर गेलो की ही सुरेखा बाकीच्या नोकरांना घेऊन तलावात डुंबते. आजच्या आज चालती हो म्हटलंय मी तिला."

सुरेखाचे हात पिठात होते. "साहेब, मला पोहता येत नाही," ती म्हणाली. "पोरीची बारावी आहे यंदा. असल्या कामापायी मी नोकरी घालवीन का?"

डॉक्टरांनी पिठाच्या नोंदी पाहिल्या. महिन्याला अडीच किलो. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "आपण घरचे तिघं रोज किती वेळ पोहता?"

"बायकोचे केस खराब होतात. मुलीला ऊन चालत नाही. मी रविवारी काठावर बसून पाय सोडतो."

"नुसत्या पायांचं महिन्याला चमचाभर पीठ निघेल," डॉक्टर म्हणाले. "अडीच किलो निघणार नाही."

शलाकाला ती तुटक रेघ आठवली. तिनं नकाशा ओट्यावर पसरला आणि रेघेवर बोट ठेवलं. "न्हाणीचं पाणी बाहेर काढायचं नव्हतं आणि तुम्हाला दिसायचंही नव्हतं. आवारात पाण्याला जायला मग एकच जागा उरते. ते तलावाच्या भरणटाकीत येतं आणि तिथून तलावात. सातात तुम्ही एकटे आहात, विश्वासराव. बाकीचे हे सहा जण."

विश्वासरावांचा हात तोंडाकडे गेला. तीन महिने ते रोज सकाळी दोन थालीपिठं खात होते, वर लोण्याचा गोळा. पाहुण्यांना आग्रह करकरून वाढत होते. ते वळले आणि काठावरच्या गुलाबांत भडाभडा ओकले. शलाकाला त्यांची दया आली नाही. उलट, ते ओकणं पाहूनच तिला मळमळायला लागलं. सहा माणसांनी यांच्यासाठी गाळलेला घाम यांना आजवर कधी बाधला नव्हता.

"तोडा ती नळी," ते तोंड पुसत म्हणाले.

"तोडतो," डॉक्टर म्हणाले. "मग चमचाभर पीठ निघेल आणि महिनाअखेरीला तलाव बुजवतील."

विश्वासरावांनी निळ्या पाण्याकडे पाहिलं. येत्या रविवारी त्यांच्या साठाव्या वाढदिवसाचं जेवण होतं, याच काठावर. "राहू द्या नळी," शेवटी ते म्हणाले. "तेवढा तो आकड्याचा पडदा कुठं तरी नजरेआड बसवा. आणि सुरेखा, तू काही जाऊ नकोस."

मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, तव्यावरचं थालीपीठ त्यांनी स्वतः चांगल्या बशीत काढलं आणि तिच्यापुढे धरलं. या घरात तिला चांगली बशी पहिल्यांदाच मिळत होती. "घे, तूही खा. अगं, आता काय, सगळं एकच आहे."

सुरेखानं बशीकडे पाहिलं आणि नाक मुरडलं.

"नको साहेब. त्या पाण्यात तुम्ही पाय सोडता."

तिनं हात धुतले, कोनाड्यातून लाल ठिपक्याचा आपला कप काढून चहा गाळून घेतला आणि पदराला हात पुसत विचारलं, "रविवारी किती माणसं आहेत जेवायला?"

"चाळीस," विश्वासराव म्हणाले.

"मग शनिवारी आमच्या सगळ्यांना जरा घासून अंघोळ करायला सांगते."