विनाशिकेचा झेंडा

"ताई, मी चोर नाही," पद्मजाच्या दारातच गुंजन म्हणाली आणि तिला रडू कोसळलं.

आयर्लंडमधल्या डंडॉकमध्ये शिकता शिकता ती शेजारच्या मॅकार्डल आजोबांची देखभाल करायची. मंगळवारी त्यांचा एक जुना झेंडा नाहीसा झाला. पुतण्या ब्रेंडनने संशय तिच्यावर घेतला आणि आज संध्याकाळी तो तिला हे काम देणाऱ्या एजन्सीला कळवणार होता. म्हणजे नोकरी गेलीच, नावही गेलं.

पद्मजा परवानाधारक गुप्तहेर. तिने कोट चढवला. नवरा ज्ञानेश स्वतःला तिचा उजवा हात समजायचा. तो अजून बूट शोधत होता.

"ज्ञानू, शर्ट प्रेस करून ठेवला बाप्पा!" वरच्या खोलीतून त्याची आई ओरडली. ती नागपूरहून आली होती. मंगळवार संध्याकाळपासून गुडघा धरल्यामुळे घराबाहेर पडली नव्हती, पण हात काही स्वस्थ बसत नव्हते.

मॅकार्डल आजोबा खुर्चीत खचून बसले होते.

"इंग्लंडमधल्या बॅरोच्या गोदीत विशीतला वेल्डर होतो मी. चिलीच्या नौदलासाठी विनाशिका बांधली. निघताना एका खलाशाने हा छोटा झेंडा घडी घालून हातात दिला. जहाज केव्हाच भंगारात गेलं. एवढंच उरलं होतं."

"शेवटचा कधी पाहिलात?" पद्मजाने विचारलं.

"मंगळवारी, चहाला. ज्ञानेशच्या आईला दाखवला. मग किटलीकडे वळलो आणि गुंजनला म्हटलं, प्रेसमध्ये ठेव. वळून पाहतो तर खोलीत कोणीच नाही."

"मी तेव्हा कचऱ्याचे डबे बाहेर नेत होते," गुंजन म्हणाली.

ब्रेंडनने भिंतीतलं कपाट धाडकन उघडलं. "हे प्रेस. रिकामं!"

"तुम्ही कुठे होतात?"

"गॉलवेला. कालच आलो."

ज्ञानेश इथल्या ढंगात कुजबुजला, "युअर मॅन, हा पुतण्या, काही बरा दिसत नाही."

"तुझा संशय नेहमी चुकीच्या माणसावर," पद्मजा हसली. "चोरी झालेलीच नाही. गुंजन बाहेर, आजोबांची पाठ वळलेली. मग 'प्रेस' ऐकलं कोणी? इथे प्रेस म्हणजे कपाट. आम्ही पुण्यात कपड्यांना इस्त्री करतो. आणि नागपुरात?"

ज्ञानेशने कपाळावर हात मारला. "प्रेस करतात!"

"आईंना इंग्रजीतला तेवढाच एक शब्द कळला. झेंडा घेऊन त्या घरी आल्या. परत द्यायच्या आधी गुडघा धरला."

दहा मिनिटांत आई लंगडत आली. हातात झेंडा.

"सुती पंचा ठेवून हलकाच प्रेस केला. किती चुरगळला होता! माझं काही चुकलं का गा?"

ब्रेंडनची मान खाली गेली. त्याने सगळ्यांसमोर गुंजनची माफी मागितली. ती आईच्या गळ्यातच पडली.

कापड फाटेल या भीतीने आजोबांनी साठ वर्षांत ती घडी कधी मोडली नव्हती. आता झेंडा मांडीवर सपाट पसरला होता. आतल्या कोपऱ्यात शाईने लिहिलं होतं: ग्रासियास, ओवेन.

"धन्यवाद म्हणतोय तो," आजोबा अक्षरांवरून बोट फिरवत म्हणाले. "माझं नाव लिहून. आणि मला आज कळतंय." त्यांनी आईचे दोन्ही हात घट्ट धरले.

"काय म्हणतात रे?" आईने विचारलं.

"तुझे आभार मानताहेत."

"त्यात काय! अजून काही चुरगळलेलं असेल तर द्या म्हणावं."