साखरेची नथ

मी रडत होते, हे आधीच सांगून टाकते. मुंबईहून शारजाला येणाऱ्या विमानात, खिडकीकडे तोंड करून, अगदी आवाज न करता. सुट्टी संपवून परत येताना मी दर जानेवारीत रडते. यंदा जरा जास्तच.

"घ्या..." शेजारून एक टिश्यू पुढे आला. "माझंही असंच होतं. फक्त मी बाथरूममध्ये जाऊन रडतो, त्यामुळे इमेज टिकून आहे."

मी वळून बघितलं. गालावर एकच खळी. दुसरी बहुतेक सुट्टीवरच राहिली असावी. एक मोठा पुठ्ठ्याचा खोका त्याने सीटखाली ढकलला होता आणि दर दोन मिनिटांनी वाकून तो त्याला हात लावून बघत होता.

"बाळ आहे का त्यात?" मी नाक पुसत विचारलं.

"बाळापेक्षा नाजूक आहे."

मग गप्पा सुरू झाल्या. त्याचं नाव निनाद, गाव सातारा. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या एका फॅक्टरीत इंजिनीअर, आणि राहायला शारजात, अल मजाजला. मीही अल मजाजलाच राहते म्हटल्यावर त्याचे डोळे असे काही हसले, की माझं रडू कुठल्या कुठे पळालं. विमान उतरल्यावर खोका सीटवर ठेवून तो माझी बॅग काढून द्यायला उठला. पण मला भारी घाई! मीच ओढली बॅग. लोणच्याच्या बरण्यांसकट ती धाडकन त्या खोक्यावर पडली.

कर्र्र...

त्याने झाकण उघडलं आणि मी जीभ चावली. आत कापसावर हलव्याचे दागिने होते. हार, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, छोटीशी नथ. पांढरेशुभ्र, काटेरी, आणि निम्मे तुटलेले.

"समिधाची पहिली संक्रांत आहे," तो हळू आवाजात म्हणाला. "आईने किती हौसेने पाठवले होते."

"मी नीट करून देते," मी पटकन म्हटलं. "माझी मावशी सांगलीत दरवर्षी हेच करते. मला येतं. खरंच!"

मी पत्ता दिला आणि त्याचा चेहरा उजळला. माझा मात्र दोन मिनिटांनी, बॅगांच्या पट्ट्याशी उभी असताना, उतरला. पहिली संक्रांत. आईने पाठवलेत. मराठी घरात हे दागिने आई कुणासाठी पाठवते, ते सांगायला ज्योतिषी लागत नाही. सुनेसाठी! म्हणजे याचं लग्न झालेलं तरी होतं, नाहीतर ठरलेलं तरी. संक्रांत समिधाची होती, पण आली ती माझ्यावर.

*

घरी आले ती सरळ पांघरुणात शिरले. मी रंजिताताईंकडे एका खोलीत भाड्याने राहते. जानेवारीत शारजात हवा अशी गोड असते, की सगळं गाव चटया आणि शेगड्या घेऊन लगूनच्या खाडीकाठावर लोटतं. आणि मी? ऑफिसातून आले की पांघरुणात. आईने दिलेल्या चिवड्याच्या डब्याला मी हातही लावत नव्हते. तो संपला की सुट्टी खरंच संपली, असं वाटायचं.

"यल्ला शुभ्रा, ऊठ!" तिसऱ्या दिवशी रंजिताताईंनी पांघरूण ओढलं. "तुझा तो खोकेवाला आलाय. करक चहा घेऊन."

"माझा नाहीये तो."

"बरं बाई, कुणाचा का असेना. केस विंचर आधी."

हॉलमध्ये तो खोका पायाशी ठेवून तीन कागदी कप सांभाळत उभा होता. मी जमिनीवर चादर अंथरली, सुई-दोरा काढला आणि अगदी कोरड्या आवाजात म्हणाले, "दाण्याला भोक पाडायचं नाही. दोऱ्याचा फास करायचा आणि त्यात दाणा अडकवायचा. असा."

"असा?" त्याचा दाणा उडून सोफ्याखाली गेला.

"तुम्ही फक्त दाणे निवडा."

"तुम्ही नको ना... निनाद म्हण."

मी सुईत दोरा ओवला. समिधा त्याला काय म्हणत असेल, याचा विचार करत होते.

तो रोज यायला लागला. फॅक्टरीतून दीड तास ट्रॅफिक काढून, थेट. हार झाला, बाजूबंद झाले. तो दाणे निवडताना गाणं गुणगुणायचा, बॉसची नक्कल करायचा, आणि मी हसले की निवडायचं विसरून बघत बसायचा. दुपारी चार वाजल्यापासून मी घड्याळाकडे बघायला लागले होते. पांघरूण घडी करून कपाटात गेलं होतं. चिवड्याचा डबासुद्धा मीच उघडला, त्याच्यासाठी! आणि त्याच वेळी आतून जळत होते.

कारण समिधा सगळीकडे होती.

"समिधाला काळी साडी काय दिसते!" किंवा, "कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसायचो, माझ्या सगळ्या असाइनमेंट्स तिच्याच." किंवा, "समिधा खोर फक्कानला असते ना, समुद्रासमोर. तुला खूप आवडेल ती."

मला? ती? मी दोऱ्याला अशी गाठ मारली की तो तुटला.

"विचार ना सरळ," ताई स्वयंपाकघरात म्हणाल्या.

"मी का विचारू? मला काय करायचंय?"

"काही नाही ना करायचं? मग पुसून पुसून त्या कढईचा चमचा का झालाय, तेवढं सांग."

शेवटच्या संध्याकाळी पाऊस आला. इथे पाऊस म्हणजे सोहळाच. गल्लीत गुडघाभर पाणी, आणि लोक बाल्कनीत उभे राहून व्हिडिओ काढतात. ओल्या हवेने हलवा चिकट होतो म्हणून मी खिडक्या लावून घेतल्या. निनाद भिजून आला. केसांतून पाणी गळत होतं, चहाचे कप मात्र त्याने छातीशी धरून कोरडे ठेवले होते. मी टॉवेल दिला. आमची बोटं एकमेकांना लागली... आणि त्याने हात लगेच मागे घेतला नाही. मीही नाही.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. स्क्रीनवर नाव, समिधा.

"हां, बोल गं!" तो बाल्कनीत गेला. काचेपलीकडे तो खो खो हसत होता. माझ्याजवळ इतकं मोठ्याने तो कधी हसला नव्हता. माझ्या हातात नथ होती, नुकतीच पुरी केलेली, त्या खोक्यातली सगळ्यात सुंदर वस्तू. ही त्या बाईच्या नाकात असेल, आणि हा समोर उभा राहून असाच हसत बघेल.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी ती नथ तोंडात टाकली. दाणे ओढून काढले आणि कडाकडा चावून खाल्ले. तार आणि दोरा उशीखाली कोंबला.

"झालं सगळं?" तो आत येत म्हणाला.

"नथ सोडून. ती... प्रवासातच फुटली होती."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. मग म्हणाला, "ओके. पण रविवारी समिधाकडे हळदीकुंकू आहे, तू चल. तिकडे काही तुटलं तर कोण नीट करणार? प्लीज."

मी हो म्हटलं. का, तर मला ती बघायची होती. एकदा बघायची, आणि खलास.

*

रविवारी मी माझी सगळ्यात चांगली काळी साडी नेसले. दोनदा सोडून पुन्हा नेसले. निनाद गाडीत म्हणाला, "सुंदर दिसतेयस," आणि मी म्हटलं, "रस्त्याकडे बघा." डोंगर आले, बोगदे आले, मग एकदम समोर निळा समुद्र आणि बंदरातल्या उंच क्रेन. एवढा सुंदर रस्ता मी एवढ्या वाईट मनाने कधी पाहिला नव्हता.

दार उघडलं. उंच, सावळी, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. काळी साडी तिला खरंच काय दिसत होती! तिने निनादचा कान पकडला. "किती उशीर रे माकडा?" तो हसला. माझे डोळे भरून आले आणि मी चपलेचा बंद सोडायला खाली वाकले. उगाचच. चपलेला बंद नव्हता.

"आत घे गं त्यांना, दारातच काय!" आतून एक दाढीवाला माणूस आला, हातात तिळगुळाचं ताट. "नमस्कार, मी धनंजय. याचा मोठा भाऊ. ही माझी बायको, समिधा. लग्नात मी हिला हार घातला, पण दीर झाला तरी ही याला काही 'भावोजी' म्हणत नाही. अजून कॉलेजच्या बाकावरच आहेत दोघं."

मी वाकलेली तशीच राहिले. वर कुठल्या तोंडाने बघू?

"आणि ही शुभ्रा," समिधाने मला हात धरून उठवलं. "तूच ना? रोज फोनवर तुझंच पुराण. शुभ्रा अशी गाठ मारते, शुभ्रा अशी चिडते... कान किटले माझे."

निनादचे कान लालबुंद झाले होते. समिधाने पकडलेला एकच नव्हे, दोन्ही.

मीच तिला दागिने चढवले. हार, बाजूबंद, कंबरपट्टा. ज्या बोटांनी मी तिला शिव्या देत एकेक दाणा अडकवला होता, त्याच बोटांनी. आरशात बघून ती लहान मुलीसारखी हरखली. मग म्हणाली, "आणि नथ? आईंनी नथ पाठवलीय म्हणून सांगितलं होतं."

खाई त्याला खवखवे. मला असा ठसका लागला की धनंजय पाणी आणायला धावले.

"प्रवासात फुटली," निनाद शांतपणे म्हणाला. आणि माझ्याकडे न बघता हसला.

बायकांचं हळदीकुंकू रंगलं तेव्हा मी बाल्कनीत सटकले. समुद्रावरून गार वारा येत होता. तो मागून आलाच.

"नथ प्रवासात फुटली नाही," तो म्हणाला.

"मग?"

"तुझ्या ओठांवर साखर होती त्या दिवशी. मला वाटलं, भूक लागली असेल. आज दारात तुझा चेहरा बघितला आणि... शुभ्रा, तुला खरंच वाटलं, की मी बायको इथे ठेवून रोज दीड तास ट्रॅफिक काढून तुझ्याकडे दाणे निवडायला येत होतो?"

"तूच म्हणालास ना! पहिली संक्रांत, आईने पाठवलंय..."

"'तू' म्हणालीस."

"विषय बदलू नकोस!" माझा आवाज कापत होता. "जळून जळून कोळसा झाले मी. तुझ्यासाठी. आवडतोस तू मला, कळतंय का? आणि मी त्या बिचारीची नथ खाल्ली!"

त्याने माझा हात हातात घेतला. बोटांच्या टोकांना सुईने पडलेल्या खुणा होत्या, त्यावरून त्याने हळूच अंगठा फिरवला. आत कुणीतरी उखाणा घेत होतं आणि सगळ्या हसत होत्या.

"आईला सांगू?" त्याने विचारलं. त्याचाही आवाज आता हलला होता. "पुढच्या संक्रांतीला अजून एक सेट लागेल म्हणून? शारजाच्या पत्त्यावर?"

मी समुद्राकडे बघितलं. उद्या सोमवार, ऑफिस, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

"सांग," मी म्हटलं. "आणि म्हणावं, नथी दोन पाठवा."

"दोन कशाला?"

"एक घालायला, एक खायला."